जन्माआधींचें बारसें

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं पेढीवर नवी वही पुढें ठेवून तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक काढण्याची व त्याखालीं ‘श्री’ लिहिण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या वेळीं वहींत जमेची एक रक्कम नसते कीं खर्चाची एक ओळ नसते. कोणाचें येणें नाहीं, कोणाचें देणें नाहीं. तरी त्या क्षणापासून ती वही कोरी राहत नाहीं. ती कोणत्या पेढीची व कोणत्या सालाची हें ठरून जातें, आणि पुढें वर्षभर जें लिहिलें जाईल तें त्या पहिल्या पानाच्या मागून येतें. आरंभास असा कांहींना कांहीं विधि जोडण्याची मनुष्यास हौस आहे. आणि विधीचा गुण असा कीं, तो एकदां रूढ झाला म्हणजे तो कोणीं घातला व कां घातला हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

प्रस्तुत लेखांत ज्या वहीची हकीगत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे ती कागदाची नव्हे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक आपलें लिखाण ज्या कोठारांत ठेवितात त्यास ते ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. आम्ही त्यास भांडार म्हणूं. ह्या भांडारांत आजचें लिखाण असतें, तसेंच कालचें, परवांचें आणि दहा वर्षांपूर्वींचेंही असतें. कोणती ओळ कोणीं, केव्हां व कशासाठीं बदलली ह्याची कीर्द तेथें राहते. एकाच लिखाणाचे दोन प्रवाह वेगळे चालवावयाचे झाल्यास त्या प्रत्येकास शाखा म्हणतात. वेदांच्या शाखा ज्यांस ठाऊक आहेत त्या वाचकांस हा शब्द फोडून सांगावयास नको: मूळ एक, पाठ निराळे, आणि प्रत्येक पाठ आपापल्या परंपरेंत अखंड. फरक इतकाच कीं, वेदांच्या शाखा एकदां वेगळ्या झाल्या त्या पुन्हां मिळाल्या नाहींत. येथील शाखा वेगळ्या होतात त्या बहुधा पुन्हां मिळण्यासाठींच.

नवें भांडार निर्माण करणें हें आज क्षणाचें काम आहे. तें माणसानें बसून करावें असेंही राहिलेलें नाहीं. एक आज्ञावलीच दुसऱ्या आज्ञावल्यांसाठीं भांडारें उघडते, आणि विद्यार्थ्यांच्या वर्गासाठीं शेंदीडशें भांडारें एका दमांत तयार करणारा शिक्षक आतां कोणास नवलाचा वाटत नाहीं. अशा आज्ञावलीस दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: भांडार कोठें उघडावयाचें, आणि त्यांतील पहिल्या शाखेचें नांव काय ठेवावयाचें. पहिला प्रश्न कोणीही विचारील. दुसरा प्रश्न क्षुल्लक दिसतो, व म्हणूनच तो पंधरा वर्षें यंत्रानें कोणास विचारला नाहीं. ह्या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास आम्हांस सांगावयाचा आहे.

ह्या विद्येचा आरंभ १९७२ सालीं धरण्यास हरकत नाहीं. त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकिंड ह्यांनीं ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ ही आज्ञावली रचली, आणि १९७५ मध्यें तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. परंतु तींत भांडार अशी वस्तूच नव्हती. प्रत्येक फायलीची वही स्वतंत्र. शंभर फायली असल्या तर शंभर वह्या, व एकीस दुसरीचा पत्ता नाहीं. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठांत वॉल्टर टिची ह्यांनीं ‘आर. सी. एस.’ ही पद्धति तयार केली, तिच्यांतही हीच रीत कायम राहिली. टिची ह्यांची सुधारणा निराळी व मोठी चतुर होती. सर्वांत नवी प्रत ते संपूर्ण ठेवीत, आणि जुन्या प्रती मागें मागें जाणाऱ्या फरकांच्या रूपानें. कारण मागणाऱ्यास बहुधा आजचेंच हवें असतें, तें लवकर हातीं पडावें. शाखा आंकड्यांनीं ओळखल्या जात. १.१, १.२ हा सरळ बुंधा, १.२ ला फांदी फुटली म्हणजे त्या फांदीवरची पहिली नोंद १.२.१.१. बुंध्यास वेगळें नांव लागत नसे, कारण झाडास बुंधा असावयाचाच.

पुढचें पाऊल एका गैरसोयींतून पडलें. ॲम्स्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठांत डिक ग्रून हे १९८४-८५ मध्यें आपल्या दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेच्या एका कंपायलरवर काम करीत होते. तिघांच्या वेळा कांहीं केल्या जुळेनात. एक विद्यार्थी नेमक्या वेळीं येणारा, दुसरा लहरीप्रमाणें, आणि ग्रून ह्यांस सवड काय ती संध्याकाळीं. जुन्या रीतींत एकानें फाईल हातीं घेतली म्हणजे तिला कुलूप पडे व इतरांनीं वाट पाहावी लागे. ह्या त्रासांतून सुटण्यासाठीं ग्रून ह्यांनीं जें साधन केलें तें १९८६ मध्यें ‘सी. व्ही. एस.’ ह्या नांवानें बाहेर पडलें, व ब्रायन बर्लिनर ह्यांनीं १९८९ मध्यें तें नव्यानें सी भाषेंत लिहिलें. सगळ्या वह्या एका छपराखालीं आल्या त्या येथें. तथापि आंत पाहावें तों आर. सी. एस. च्याच सुट्या वह्या फडताळांत लावलेल्या. खरेंखुरें अखंड भांडार ‘सबव्हर्शन’नें दिलें. तिचें काम कोलॅबनेट ह्या कंपनीनें २००० सालीं सुरू केलें, आणि १.० ही आवृत्ति फेब्रुवारी २००४ मध्यें निघाली. तेथें नवें भांडार उघडलें म्हणजे त्याचा आंकडा शून्य असे, व त्या शून्याच्या पोटांत खरोखरच कांहीं नसे. ‘ट्रंक’, ‘ब्रँचेस’ व ‘टॅग्स’ असे तीन कप्पे करावे असा प्रघात होता. पण तो प्रघातच. यंत्र ते करीत नसे. ज्यास हवे त्यानें ते आपल्या हातानें करावे, न केले तरी यंत्राची ना नव्हती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें जें घडलें त्यांत प्रघाताची जागा यंत्रानें घेतली, आणि तेथूनच खरी कथा सुरू होते.

लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनीं १९९१ मध्यें फिनलंडांत विद्यार्थी असतांना आरंभिलेल्या ‘लिनक्स’चें नांव सर्वश्रुत आहे. इतकें अवाढव्य काम, ज्यास जगभरांतून हात लागत, तें पहिलीं दहाएक वर्षें कोणत्याही भांडारावांचून चाललें होतें. लोक टपालानें, म्हणजे अर्थात् विजेच्या टपालानें, दुरुस्त्यांचे तुकडे पाठवीत, व टॉरवाल्ड्स ते निवडून जोडीत. २००२ मध्यें त्यांनीं ‘बिटकीपर’ हें साधन घेतलें. तें लॅरी मक्व्हॉय ह्यांच्या कंपनीच्या मालकीचें होतें. लिनक्सच्या लोकांस तें फुकट मिळे, परंतु तें फुकट वापरणारानें त्याच्याशीं स्पर्धा करणारें साधन बनविण्याच्या कामांत पडूं नये अशी अट होती. उसन्या घरांत राहणाऱ्यास घरमालकाच्या कपाळाची आठी पाहून वागावें लागतें, त्यांतला हा प्रकार. ॲन्ड्र्यू ट्रिजेल ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं बिटकीपरच्या यंत्राशीं परभारें संभाषण करणारी एक आज्ञावली लिहिली, त्यावरून तंटा विकोपास गेला, आणि एप्रिल २००५ मध्यें फुकटचा वापर बंद होणार असें जाहीर झालें. ह्या तंट्यांत कोण किती चुकला हें ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. त्याचें फळ मात्र असें झालें कीं, एकाच महिन्यांत, एकाच गरजेपोटीं, ‘गिट’ व ‘मर्क्युरियल’ अशीं दोन साधनें जन्मास आलीं.

गिटचें काम टॉरवाल्ड्स ह्यांनीं ३ एप्रिल रोजीं हातीं घेतलें, आणि ७ एप्रिलला गिटचें लिखाण गिटच्याच भांडारांत ठेविलें गेलें. बाळ पांचव्या दिवशीं स्वतःची जन्मपत्रिका लिहूं लागलें म्हणावयाचें! ती पहिली प्रत सुमारें हजार ओळींची होती, व तींत सात लहान लहान आज्ञा होत्या. त्यांपैकीं भांडार निर्माण करणारी आज्ञा ‘इनिट-डीबी’. ती काय करी? वस्तु ठेवण्यासाठीं एक कप्पा करी, आणि त्याच्या पोटांत दोन दोन अक्षरांच्या नांवांचे २५६ खण करी. बस्स. शाखा नाहीं, शाखेचें नांव नाहीं, शाखा असूं शकते असा इशाराही नाहीं. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेला चाळीस अक्षरांचा एक ठसा मिळे, त्या ठशावरून ती कोणत्या खणांत जावयाची हें ठरे, आणि प्रत्येक नोंद आपल्या मागच्या नोंदीचा ठसा जवळ बाळगी. मागें कोणी नसलेली पहिली नोंद तेवढी निराळी. पुराणांतल्या द्रोणाचार्यांप्रमाणें ती अयोनिज असते. तिला कुळ विचारूं नये.

१६ एप्रिल रोजीं लिनक्सचें लिखाणही गिटच्या भांडारांत आलें, आणि येथें टॉरवाल्ड्स ह्यांनीं जो निर्णय घेतला तो इतिहासाच्या भक्तांस खटकण्याजोगा आहे. बिटकीपरमधील तीन वर्षांचा इतिहास त्यांच्यापाशीं होता. तो गिटमध्यें आणला असता तर सुमारें ३.२ गिगाबाइट जागा लागली असती. त्यांनीं तो आणला नाहीं. २.६.१२ च्या एका उमेदवार आवृत्तीचें जसेंच्या तसें लिखाण ठेवून त्यांनीं पहिली नोंद केली, आणि तिच्या मजकुरांतच सांगून टाकलें कीं जुना इतिहास हवा असल्यास त्याचें निराळें भांडार मागाहून करतां येईल, नव्या साधनाच्या बाळपणीं हें ओझें नको. म्हणून आज लिनक्समधील एखाद्या जुन्या ओळीचा कर्ता शोधीत गेल्यास पुष्कळदां त्या एका दिवसापाशीं येऊन भिंत लागते. लिहिणारे सगळे निराळे, पण नोंद टॉरवाल्ड्स ह्यांच्या नांवावर. आम्हांस प्रथम हें वाचून वाईट वाटलें. परंतु जुन्या वहींतील बाकी नव्या वहींत ओढतांना मागच्या वर्षाच्या रोजच्या ओळी कोणता कारकून उतरून घेतो?

मास दीड मास लोटला. ह्या कच्च्या आज्ञांवर सर्वसामान्य माणसास वापरतां येईल असें आवरण चढविण्याचें काम पेट्र बाउडिस ह्या चेक तरुणानें चालविलें होतें. त्याच्या साधनांत चालू नोंद दाखविणारा ‘हेड’ नांवाचा एक बाण होता, आणि मुख्य प्रवाहास ‘मास्टर’ व जेथून प्रत आणली त्या ठिकाणास ‘ओरिजिन’ हीं नांवें होतीं. मेच्या अखेरीस टॉरवाल्ड्स ह्यांनीं भांडार निर्माण करणारी आज्ञा सुधारली, ती अशी कीं, यापुढें तिनें सगळी मांडामांड आपणच करावी: शाखांचा कप्पा, खुणांचा कप्पा, आणि ‘हेड’ हा बाण. बाण म्हटला म्हणजे तो कोणीकडे तरी रोखलेला पाहिजे. तो ‘मास्टर’ नांवाच्या शाखेकडे रोखला गेला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. गिटमध्यें शाखा म्हणजे कांहीं फार मोठें प्रकरण नाहीं. ती एका ओळीची फाईल असते; तींत एका नोंदीचा चाळीस अक्षरी ठसा. पण नव्या भांडारांत नोंद एकही नसते. तेव्हां ठसा कोणाचा लिहावयाचा? कोणाचाच नाहीं. म्हणून तसली फाईलही नसते. बाण तर ‘मास्टर’कडे रोखलेला आहे, आणि मास्टर ह्या नांवाची शाखा जगांत नाहीं! बाणानें दाखविलेल्या जागीं गेल्यास तेथें मोकळें आकाश. पहिली नोंद होईल त्या क्षणीं यंत्र बाणाकडे पाहील, तेथलें नांव वाचील, आणि त्या नांवाची शाखा निर्माण करील. तोंपर्यंत ती शाखा नाहीं, पण तिचें नांव आहे. गिटच्या ग्रंथांत ह्या अवस्थेस ‘जन्मास न आलेली शाखा’ अशाच अर्थाचें नांव आहे. आपल्या भाषेंत तिला ‘अजात शाखा’ म्हणतां येईल. बाराव्या दिवशीं पाळण्यांत घालून नांव ठेवणाऱ्या आपणां लोकांस ही उलटी रीत चमत्कारिक वाटेल. येथें बारसें आधीं होतें आणि जन्म मागाहून. आणि नांव ठेवणारी आत्या म्हणजे एक ठरीव अक्षरांची ओळ, जी कारखान्यांतूनच लिहून आलेली.

२६ जुलै २००५ रोजीं टॉरवाल्ड्स ह्यांनीं गिटचा कारभार जुनिओ हमानो ह्यांच्या हवालीं केला, व त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला १.० ही आवृत्ति निघाली. २००७ च्या सुमारास ‘इनिट-डीबी’चें नुसतें ‘इनिट’ झालें. २००८ मध्यें ‘गिटहब’ उघडलें, आणि भांडार ही कारागिरांची खाजगी वस्तु होती ती सार्वजनिक चावडी बनली. ह्या सगळ्या काळांत ती ठरीव ओळ जागची हालली नाहीं. शाखेचें नांव मागाहून बदलण्यास अर्थात् कोणाची मनाई नव्हती. ज्यास वेगळें नांव हवें त्यानें भांडार उघडल्यावर, पहिल्या नोंदीच्या आधीं, बाण हातानें वळवावा. दुसरी आज्ञा देऊन तो वळवितांही येई. ही युक्ति जाणकारांस ठाऊक होती. परंतु जें करण्यास युक्ति लागते तें शंभरांतले नव्याण्णव करीत नाहींत, आणि एकदां नव्याण्णवांनीं एक गोष्ट केली कीं शंभराव्यासही ती नियम वाटूं लागते.

ह्याचा परिणाम दूरवर झाला. भांडारें वाचणाऱ्या, तपासणाऱ्या व त्यांतील लिखाण चालू यंत्रावर चढविणाऱ्या असंख्य आज्ञावल्या लोकांनीं लिहिल्या, आणि मुख्य शाखेचें नांव विचारण्याचे कष्ट न घेतां तें गृहीत धरलें. दुसऱ्यास कशाला हंसावें? गिटच्या स्वतःच्या पोटांतही हें नांव मुरलें होतें. दोन शाखा मिळविल्या म्हणजे यंत्र आपण होऊन एक वाक्य लिहितें कीं अमुक शाखा अमुक शाखेंत मिळविली. पण मिळविण्याचें ठिकाण ‘मास्टर’ असेल तर वाक्याचा उत्तरार्ध तें गाळी, घरांतल्या घरांत पत्ता कशाला लिहावा म्हणून. गिटची परीक्षा घेणाऱ्या हजारों चांचण्यांतून तें नांव विखुरलेलें होतें. नुसता प्रघात असता तर तो बदलण्यास लोकांचीं मनें वळवावीं लागलीं असतीं. येथें मनें वळविल्यावर यंत्रेंही एकेक उघडून पाहावीं लागलीं.

भांडारें माणसाऐवजीं आज्ञावल्यांनीं उघडण्याचा काळ आला तेव्हां अजात शाखेचें कोडें अधिकच जाणवूं लागलें. गिट हें मुळांत आज्ञांचें बोचकें. चूक झाली कीं आज्ञा दोन शब्द बोलून प्राण सोडते. माणसास तें चालतें, परंतु दुसऱ्या आज्ञावलीच्या पोटांत राहून काम करणाऱ्या साधनानें असें मरून कसें चालेल? म्हणून सी भाषेंत ‘लिबगिट२’ व जावा भाषेंत ‘जेगिट’ अशीं दुसरीं साधनें तयार झालीं. लिबगिट२ मध्यें भांडार उघडतांनाच पहिल्या बाणाचें नांव देण्याची सोय ठेविलेली आहे. तरीही नवशिक्याची एक फजिती ठरलेलीच. तो आज्ञावलीकडून गिटहबवर रिकामें भांडार उघडवितो, आणि लगेच सांगतो, ‘आतां ह्यांत अमुक शाखा कर.’ नकार येतो. शाखा कोणत्या नोंदीवर उभी करावयाची? नोंद तर नाहीं. नोंद करावयास जातो तों ती कोणत्या शाखेवर, असा प्रश्न. ह्या चक्रांतून सुटण्याची वाट गिटहबनेंच करून ठेविली आहे: भांडार उघडतांना एक अक्षर कमी अधिक न लिहितां पहिली नोंदही आपणच करून द्या, असें सांगावयाचें. मग तें यंत्र परिचयपर एक लहानशी फाईल घालून नोंद करतें, शाखा जन्मास येते, व पुढचें सुरळीत चालतें. पहिल्या पानावर भटजींकडून ‘श्री’ लिहवून घेण्यासारखेंच हें.

२०२० चें साल आलें. २५ मे रोजीं अमेरिकेंत मिनिआपोलिस शहरीं जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णी गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं प्राण गेला, आणि त्या देशांत जी संतापाची लाट उठली तींत अनेक जुन्या शब्दांकडे लोकांनीं पुन्हां वळून पाहिलें. ‘मास्टर’ हा त्यांपैकीं एक. इंग्रजींत त्याचा अर्थ धनी असा होतो. यंत्रशास्त्रांत तर ‘धनी आणि गुलाम’ ही जोडी उघड उघड वापरांत होती. उलट पक्ष म्हणे, गिटमध्यें गुलाम कोठें आहे? ग्रामोफोनच्या तबकड्या ज्या मूळ मुद्रणावरून निघतात त्यासही ‘मास्टर’च म्हणतात, येथें तोच अर्थ. ह्यावर बिटकीपरच्या जुन्या कागदांत धनी-गुलाम ही भाषा आढळते असा पुरावा पुढें आला. ह्या गदारोळांत पेट्र बाउडिस ह्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं तीं नांवें २००५ मध्यें आपणच निवडलीं. आपल्या मनांत मूळ मुद्रणाचा अर्थ होता. आणि ‘मास्टर’ऐवजीं ‘मेन’ हें नांव ठेविलें असतें तर बरें झालें असतें असें आपणांस त्यानंतर कितीदां तरी वाटलें आहे. ह्या कबुलीचा सरळपणा आम्हांस आवडला. वादांतील पुष्कळ मोठ्या आवाजांपेक्षां ती अधिक मोलाची आहे.

शब्द ठेवणाऱ्याच्या मनांत काय होतें ह्यावर एवढी झटापट व्हावी, हें आमच्या मतें मुद्द्यास सोडून झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महाराष्ट्र सरकारनें गांवोगांवच्या वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून टाकून त्या जागीं समतानगर, क्रांतिनगर अशीं नांवें देण्याचा निर्णय घेतला. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहींत. वस्तीचें नांव तेथें राहणाऱ्यास शाळेच्या दाखल्यापासून टपालाच्या पत्त्यापर्यंत जन्मभर बोंचतें. शाखेचें नांव बोंचलें तरी त्याचा कांटा फार लहान. तरीही दोहोंत एक गोष्ट सारखी आहे. ज्यास तें नांव रोज लिहावें लागे त्यास तें ठेवतांना कोणीं विचारलें नव्हतें. ठेवणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसेलही. पण ज्याच्या मागें तें लागलें त्याला त्याचें काय? नांवें बदलल्यानें विषमता जात नाहीं असें म्हणणारांचें म्हणणें खरें आहे, परंतु तें नांव तसेंच ठेवण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

२३ जूनला गिट व त्याचा कायदेशीर सांभाळ करणारी ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ ह्यांच्या वतीनें निवेदन निघालें, आणि २७ जुलै २०२० रोजीं गिटची २.२८ ही आवृत्ति बाहेर पडली. तिनें कारखान्याची ओळ बदलली नाहीं, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कोणी कांहीं न सांगितल्यास तिच्यांतही शाखेचें नांव ‘मास्टर’च राही. तिनें एवढेंच केलें कीं, भांडार उघडतांना पहिल्या शाखेचें नांव सांगण्याची सोय त्या आज्ञेसच जोडून दिली. आणि एकदां सांगून ठेविलें असतां पुढील सर्व भांडारांस तेंच नांव मिळावें अशीही व्यवस्था केली. पंधरा वर्षें ज्या कामास युक्ति लागत होती त्यास आतां एक शब्द पुरे झाला. डिसेंबरांत निघालेली २.३० आवृत्ति आणखी पुढें गेली: नांव न सांगतां भांडार उघडणाऱ्यास ती सूचना देते कीं, मीं हें नांव आपल्या मतानें ठेविलें आहे, तुम्हांस दुसरें ठेवावयाचें असल्यास असें असें करा. गिटहबनें मात्र १ ऑक्टोबरपासून आपल्याकडे उघडणाऱ्या नव्या भांडारांस ‘मेन’ हें नांव देण्यास आरंभ केला. मर्क्युरियलची गोष्ट येथें आठवते. गिटच्या ह्या जुळ्या भावंडानें आपल्या पहिल्या शाखेचें नांव ‘डिफॉल्ट’ ठेविलें होतें, म्हणजे ‘कोणीं कांहीं न सांगितल्यास जें धरावयाचें तें’. नांव रुक्ष खरें, पण त्याच्या इतकें सत्य बोलणारें नांव दुसरें नसेल.

‘मेन’ हें नांव रूढ झालें ह्यापेक्षां यंत्र विचारूं लागलें, हा लाभ आम्ही मोठा समजतों. ‘मेन’ हेंही उद्यां कोणी न विचारतां गृहीत धरूं लागेल, किंबहुना पुष्कळ आज्ञावल्यांनीं तें एव्हांना धरलेंच आहे. परंतु आज्ञावलीनें भांडार उघडावयाचें म्हणजे तिच्या कर्त्यास तें नांव आतां आपल्या हातानें लिहितां येतें, आणि लिहितांना तें आपण लिहिलें हें त्यास ठाऊक असतें.

एक कोपरा तरीही राहिला होता. कोणीं ‘मेन’ असें नांव सांगून रिकामें भांडार उघडलें, आणि पहिली नोंद होण्यापूर्वींच दुसऱ्या माणसानें दूरवरून त्याची प्रत मागितली, तर काय व्हावें? प्रत देणारें यंत्र आपल्या सगळ्या शाखांची यादी पाठवी. पण अजात शाखा यादींत कशी असणार? ती तर जन्मलेलीच नाहीं. बाण तिच्याकडे रोखलेला आहे, ही बातमी तारेवरून जातच नसे. मग घेणारें यंत्र आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणें नांव ठेवी, आणि एकाच कोऱ्या वहीच्या दोन प्रतींवर दोन नांवें पडत; दोघांनीं नोंदी करून पाठविल्या म्हणजे मग घोटाळा उघडकीस येई. १५ मार्च २०२१ रोजीं निघालेल्या २.३१ ह्या आवृत्तींत ही उणीव भरून निघाली. दोन्ही बाजूंचीं यंत्रें नवीं असलीं म्हणजे देणारें यंत्र आतां तीही बातमी कळवितें, आणि ज्यांत अद्याप एक अक्षर लिहिलेलें नाहीं असें भांडारही आपल्या अजात शाखेच्या नांवासकट दुसऱ्याच्या घरीं पोंचतें.